चलच्चित्र-संपादनातील क्लिप : स्वरूप व प्रकार

चित्रपटाची फीत कात्रीने कापून जोडण्याचे काम ज्या काळी चाले, त्या काळी क्लिप म्हणजे फितीचा प्रत्यक्ष तुकडा असे. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीच्या एका फुटात १६ चित्रे मावतात आणि बोलपटात दर सेकंदास २४ चित्रे पडद्यावरून सरकतात. म्हणजे एक फूट फीत सेकंदभरही पुरत नाही. कात्री चुकली, तर चित्र वाया जाण्याचे भय असे. संगणकावरील संपादनात हे भय उरलेले नाही. त्याचे कारण क्लिपच्या बदललेल्या स्वरूपात आहे.

समजा, बंगळूरच्या सर्जापूर रोडवरील एका शाळेतील विद्यार्थ्यांनी तेथील कैकोंड्रहळ्ळी तलावाचे दहा मिनिटांचे चित्रण केले. दर सेकंदास २५ चित्रे या हिशेबाने त्यात १५,००० चित्रे होतात. त्यांतून बगळ्याने मासा टिपल्याचा १२ सेकंदांचा भाग निवडला, तर संगणक त्या ३०० चित्रांची वेगळी नक्कल करीत नाही. मूळ फाइल कोणती, भाग कोठे सुरू होतो व कोठे संपतो, एवढीच नोंद तो ठेवतो. ही नोंद म्हणजेच क्लिप होय. ग्रंथालयातील सूचिपत्र जसे ग्रंथाची जागा दाखविते, पण स्वतः ग्रंथ नसते, तसाच हा प्रकार आहे. क्लिप आखूड केली तरी मूळ चित्रण अभंग राहते व पुन्हा वाढविता येते.

क्लिपचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिला प्रकार दृश्य-क्लिपचा व दुसरा ध्वनि-क्लिपचा. एकाच वेळी टिपलेली दृश्य व ध्वनी यांची जोडी बहुधा परस्परांशी बांधलेली असते. ती सोडवून एकच सरकविली, तर बोलणाऱ्याचे ओठ आणि शब्द यांचा मेळ बिघडतो. तिसरा प्रकार स्थिरचित्राचा. छायाचित्राला स्वतःचा कालावधी नसतो. तो संपादक ठरवितो. अशी अनेक स्थिरचित्रे क्रमाने मांडली, तर त्यांतून गती उत्पन्न होते. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली वाटाण्याच्या रोपाची वाढ याच तत्त्वाने, ठराविक अंतराने एकेक चित्र घेऊन, दाखविली होती.

चौथा प्रकार शीर्षके, रंगीत पार्श्वभूमी इत्यादींचा. यांच्यामागे कॅमेऱ्याचे चित्रण नसते. संगणक त्यांची चित्रे स्वतः घडवितो. पाचवी संयुक्त क्लिप. अनेक क्लिपांची मोट बांधून ती एकच असल्याप्रमाणे वापरता येते. आतील एका घटकात फरक केला, की तो फरक सर्वत्र दिसतो. सहावी समायोजन-क्लिप. तिच्यात चित्र नसते. ती खालच्या थरांतील क्लिपांवर रंगाचा वा उजेडाचा संस्कार करते.

क्लिप ही नोंद असल्यामुळे दोन सावधगिऱ्या आवश्यक ठरतात. एक दृश्य विरत असताना दुसरे उमटावयाचे असेल, तर दोन्ही क्लिपांच्या कडांपलीकडे मूळ चित्रण शिल्लक लागते. जोडावर मध्यभागी दोन सेकंदांचा विलय हवा असल्यास प्रत्येक बाजूस एक सेकंद, म्हणजे २५ चित्रे, हाताशी असावी लागतात. यास्तव चित्रण घटनेच्या थोडे आधी सुरू करून थोडे नंतर थांबवावे.

दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. मूळ फाइल पुसली किंवा तिची जागा बदलली, तर संगणकास ती सापडत नाही आणि क्लिपच्या जागी केवळ सूचना झळकते. जागा बदललेली असल्यास ती दाखवून देता येते. पुसलेल्या फाइलीची दुसरी प्रत नसल्यास मात्र उपाय उरत नाही. पुण्यात २००३ साली नायट्रेट फितींच्या साठ्यास आग लागून जुन्या चित्रपटांचा मोलाचा ठेवा नष्ट झाला. जळालेल्या फितीच्या नावाची नोंद सूचीत राहिली, तरी तिच्यातून चित्र पुन्हा उभे राहत नाही. म्हणून संपादनास आरंभ करण्यापूर्वी मूळ चित्रणाची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवावी. क्लिपांची मांडणी पुन्हा करता येते, तलावावरचा तो क्षण पुन्हा टिपता येत नाही.