पाठीतलं पाणी आणि सेवाग्राम

'पाठीतलं पाणी काढून तपासावं लागेल' असं डॉक्टरांनी म्हटलं की वर्ध्याच्या आसपासच्या गावांतून आलेल्या नातेवाइकांचे चेहरे पडतात. पाणी काढलं की माणूस जन्माचा लुळा होतो, ही भीती अजून गेलेली नाही. खरं तर हे पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, आणि सुई टोचतात ती कमरेच्या खालच्या मणक्यांच्या फटीत. मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्या जागेच्या वरच संपलेला असतो. मेंदूत गाठ किंवा दाब वाढल्याची शंका असेल तर आधी स्कॅन करतात. तपासायला चमचाभर पाणी पुरतं. जर्मनीत क्विंके यांनी १८९१ साली ही रीत रूढ केली. मेंदूच्या आत काय चाललं आहे, हे कवटी न उघडता सांगणारा इतका स्वस्त मार्ग आजही क्वचितच सापडेल.

सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय गांधीजींच्या हयातीतच उभं राहिलं. त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी तिथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू केलं. खेड्यातलं महाविद्यालय म्हणजे फक्त उपचार, संशोधन मुंबई-दिल्लीचं, हा समज या संस्थेने खोटा ठरवला, आणि मेंदूज्वराच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेच्या, बाबतीत तो कसा खोटा ठरला हे मला विशेष महत्त्वाचं वाटतं.

मेंदूज्वराच्या प्रकारांपैकी मेंदूच्या आवरणाला झालेला क्षय फसवा असतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, चिडचिड, अन्नावरची वासना जाणं. घरचे बाहेरची बाधा समजतात, गावातला डॉक्टर मलेरियाच्या किंवा टायफॉइडच्या गोळ्या देतो. डोळा तिरळा झाला, शुद्ध हरपली की मग गाडी निघते. स्ट्रेप्टोमायसिन येण्यापूर्वी हा आजार झालेला माणूस वाचत नसे. आज औषधं आहेत. पण ती वेळेवर सुरू झाली तरच माणूस धड घरी जातो. म्हणून निदान लवकर कसं करावं, हाच खरा प्रश्न.

निदानाचं मूळ रसायनात आहे. निरोगी माणसाच्या पाठीतल्या पाण्यात रक्ताच्या साधारण दोन-तृतीयांश साखर असते. क्षयात ती घटते, प्रथिनं वाढतात, लिम्फोसाइट पेशी दिसू लागतात. परीक्षानळी न हलवता ठेवली तर कधी कधी त्यात कोळिष्टकासारखं तलम जाळं धरतं. ते हलक्या हाताने उचलून काचपट्टीवर पसरलं तर क्षयाचे जंतू सापडण्याची शक्यता वाढते. पण जंतू सापडतात थोड्यांतच, आणि साखर-प्रथिनांचे आकडे इतर आजारांतही असेच येतात.

ही अडचण सोडवायला सेवाग्रामच्या जीवरसायनशास्त्र विभागात डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी कंबर कसली. हत्तीरोगावर काम करणाऱ्या त्यांच्या चमूने क्षयाचे जंतू बाहेर टाकतात त्या प्रथिनांवर आधारित 'सेवा टीबी एलायझा' ही चाचणी विकसित केली. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाजारात मिळणाऱ्या, रक्तातल्या प्रतिपिंडांवर आधारित क्षयचाचण्या वापरू नयेत असं सांगितलं आणि २०१२ मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली. प्रतिपिंडांच्या वाटेने जाताना किती जपावं लागतं, ते त्यातून कळलं. पण खेड्यातल्या प्रयोगशाळेत परवडणारी चाचणी घडवण्याची ती धडपड मला मोलाची वाटते. शेजारी नागपुरात, सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये, कश्यप आणि सहकाऱ्यांनी पाठीच्या पाण्यातलं एडीए हे विकर मोजलं. २८१ नमुन्यांवरचा तो अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. एडीए ११.३९ युनिटच्या वर असेल तर क्षय, असं धरल्यावर क्षयाचे सुमारे ८२ टक्के रुग्ण ओळखता आले.

तरीही या सगळ्या वर्षांतला सर्वांत धाडसी प्रश्न एखाद्या यंत्राचा नव्हता. मान ताठ आहे का, हे पाहून मेंदूज्वर ओळखायला प्रत्येक डॉक्टर शिकतो. अशीच आणखी दोन चिन्हंही तो शिकतो: रशियातल्या केर्निग यांचं चिन्ह १८८० च्या दशकातलं, पोलंडच्या ब्रुडझिन्स्की यांचं १९०९ चं. सेवाग्रामच्या वाघधरे, डॉ. रजनीश जोशी, डॉ. एस. पी. कलंत्री यांच्या गटाने ही चिन्हं तपासायचं ठरवलं. मेंदूज्वराची शंका असलेल्या १९० रुग्णांत ही चिन्हं पाहिली आणि पाठीच्या पाण्याच्या अहवालाशी ताडली. २०१० मध्ये निष्कर्ष आला. ९९ जणांना प्रत्यक्षात मेंदूज्वर होता. त्यांतल्या ३९ जणांचीच मान ताठ होती. केर्निगचं चिन्ह १४ जणांत, ब्रुडझिन्स्कीचं ११ जणांत. डोकं आडवं झटकन हलवल्यावर दुखणं वाढतं का, ही जपानमधून आलेली नवी चाचणी तर सहाच जणांत लागू पडली. मान सैल आहे म्हणून पाणी न काढता घरी धाडलेल्या रुग्णांचं पुढे काय होत असेल, याचा विचार केला की पोटात गोळा येतो. अमेरिकेतल्या २९७ रुग्णांच्या अभ्यासातून २००२ मध्येच या चिन्हांवर विसंबू नये असा इशारा मिळाला होता. इथे तो आपल्या माणसांच्या, आपल्या आजारांच्या संदर्भात पक्का झाला. शंका असेल तर चिन्हं असोत-नसोत, पाणी काढाच, असं या अभ्यासाने सांगितलं.

याच गटाने पुढे मेंदूदाहाकडे, म्हणजे खुद्द मेंदूला येणाऱ्या सुजेकडे, लक्ष वळवलं. मध्य भारतातल्या ग्रामीण प्रौढांमधल्या मेंदूदाहावरचा त्यांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. अशा रुग्णांत पाण्याइतकंच मेंदूच्या विजेकडेही बघावं लागतं. माणूस निपचित पडलेला असतो, हातपाय हलत नाहीत, आणि ही वीज टिपणाऱ्या ईईजीच्या पट्टीवर मात्र झटका अखंड चालू असल्याचं दिसतं. केवळ बघून ते कळत नाही. गोवरानंतर काही वर्षांनी मुलांचा मेंदू पोखरणाऱ्या एसएसपीई या आजारात ठरावीक अंतराने उसळणाऱ्या लाटा ईईजीत दिसतात आणि पाठीच्या पाण्यात गोवराविरुद्धची प्रतिपिंडं सापडतात. दोन्ही पुरावे जुळले की निदान पक्कं. जिल्हा पातळीवर ईईजी करणारा आणि वाचणारा माणूस चोवीस तास मिळायला हवा, हे मी आग्रहाने म्हणेन.

पुन्हा क्षयाकडे वळायचं तर, जीनएक्सपर्ट हे यंत्र आल्यापासून क्षयाच्या जंतूची जनुकं दोनेक तासांत शोधता येतात. २०१३ पासून पाठीच्या पाण्यासाठीही ते यंत्र वापरण्याची शिफारस आहे. पण ते 'नाही' म्हणालं तरी मेंदूचा क्षय नाहीच, असं समजता येत नाही. तेव्हा डॉक्टर पुन्हा साखर, प्रथिनं आणि पेशींच्या आकड्यांकडेच वळतात. त्यातलाही साखरेचा आकडा वाचायचा तर पाणी काढताना त्याच वेळी रक्तातली साखरही मोजलेली हवी.