जे टिकले ते लायकच असते काय?

उत्क्रांतीचा सिद्धांत प्रयोगशाळेबाहेर सर्वसामान्यांपर्यंत पोहोचला तो एका सुटसुटीत सूत्राच्या रूपाने. जो लायक, तोच टिकतो, हे ते सूत्र. हे शब्द मुळात चार्ल्स डार्विनचे नव्हेत. हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज विचारवंताने ते १८६४ साली योजिले आणि डार्विनने १८६९ मध्ये आपल्या ग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत ते स्वीकारले. सूत्र लोकप्रिय झाले आणि लवकरच ते उलट्या अंगाने वापरले जाऊ लागले. जे टिकले ते लायकच असले पाहिजे, असे अनुमान त्यातून काढण्यात येऊ लागले. श्रीमंताची श्रीमंती, बलाढ्य कंपनीची मक्तेदारी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रूढी यांच्या समर्थनार्थ हा युक्तिवाद आजही ऐकू येतो. निसर्गाचाच तसा कौल आहे, असे म्हटले की पुढचा वाद खुंटतो. परंतु निसर्गाचा कौल खरोखर तसा आहे काय? पेशींच्या उत्क्रांतीवर गेल्या काही दशकांत झालेले संशोधन याचे उत्तर नकारार्थी देते.

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची नक्कल तयार होते. या नकलेत अधूनमधून चुका राहतात. त्यांना उत्परिवर्तने म्हणतात. एखादी चूक पुढील पिढ्यांत पसरेल की नाहीशी होईल, हे दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली गोष्ट नैसर्गिक निवड, म्हणजे त्या चुकीमुळे जीवाला होणारा लाभ वा हानी. दुसरी गोष्ट निव्वळ योगायोग. कोणाला किती संतती होईल आणि त्या संततीत आईबापांची कोणती जनुके उतरतील, यात दैवाचा भाग असतोच. त्यामुळे जनुकांच्या प्रमाणात जे दिशाहीन चढउतार होतात, त्यांना जनुकीय विचलन ही संज्ञा आहे. समूह जितका लहान, तितके हे चढउतार मोठे.

पीटर ब्युरी या संशोधकाने १९५६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. त्याने फळमाश्यांचे १०७ समूह वाढविले. प्रत्येक समूहात आठ नर व आठ माद्या होत्या. डोळ्यांच्या रंगाशी संबंधित अशा एका जनुकाची दोन रूपे प्रत्येक समूहात आरंभी निम्मी-निम्मी होती. दर पिढीला वाटेल त्या सोळा माश्या उचलून पुढील पिढी वाढवावयाची, एवढाच नियम. एकोणीस पिढ्यांनंतर ३० समूहांतून एक रूप पार नाहीसे झाले होते आणि २८ समूहांत दुसऱ्या रूपाचा मागमूस उरला नव्हता. दोहोंपैकी कोणतेही रूप सरस ठरलेले नव्हते. एखाद्या बाटलीतील विजेत्या रूपाकडे बोट दाखवून ‘हेच लायक होते’ असे म्हणणाऱ्याला शेजारची बाटली खोटे पाडत होती.

प्रयोगातील ही गोष्ट निसर्गातही घडते, हे ठामपणे मांडले ते जपानी शास्त्रज्ञ मोतू किमुरा यांनी. त्यांच्या युक्तिवादाचा एक आधार जे. बी. एस. हॉल्डेन यांचे गणित होता. हॉल्डेन १९५७ साली भारतात आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे निवर्तले. निवडीच्या मार्गाने एक जनुक जाऊन त्याच्या जागी दुसरे रूढ व्हावयाचे, तर सुमारे ३०० पिढ्या लागतात, असा हिशेब त्यांनी १९५७ मध्ये मांडला होता. किमुरांनी १९६८ मध्ये प्रथिनांची तुलना करून पाहिली, तेव्हा सस्तन प्राण्यांत असे बदल सरासरी दर दोन वर्षांस एक या वेगाने झालेले दिसले. इतका वेग निवडीला झेपणारा नव्हे. तेव्हा यांतील बहुसंख्य बदल ना लाभाचे ना हानीचे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या सहकारी तोमोको ओहता यांनी १९७३ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. समूह लहान असेल तर किंचित हानिकारक बदलसुद्धा निवडीच्या नजरेतून सुटतात आणि रूढ होऊन बसतात, असे त्यांनी दाखविले.

हाच धागा अमेरिकेतील मायकेल लिंच यांनी पेशीच्या अंतरंगापर्यंत नेला. नक्कल करतानाच्या ज्या चुकांचा काही परिणाम होतो, त्यांतील बहुतेक अपायकारक असतात. मग निवडीने या चुका जवळजवळ शून्यावर का आणल्या नाहीत? अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक उत्तर चटकन सुचेल. अचूकतेला वेळ व ऊर्जा लागते. सीमांत खर्च आणि सीमांत लाभ जेथे सारखे होतात, तेथे सुधारणा थांबते. काही जीवशास्त्रज्ञांनी असेच उत्तर दिले आहे. लिंच यांचे म्हणणे निराळे आहे. अचूकता वाढत जाते तसतसा पुढील सुधारणेचा लाभ इतका सूक्ष्म होतो, की योगायोगाच्या गोंगाटात तो ऐकूच येत नाही. समूह मोठा असेल तर ही मर्यादा दूर सरकते, लहान असेल तर लवकर गाठली जाते. प्रत्यक्ष मोजणी याला दुजोरा देते. ई. कोलाय या जीवाणूत दर पिढीस डीएनएच्या हजार कोटी अक्षरांमागे सुमारे दोन चुका होतात. मानवात दर पिढीस दहा कोटी अक्षरांमागे एकाहून थोड्या अधिक. मानवाच्या एका पिढीत पेशींची अनेक विभाजने होतात, हे खरे; परंतु निवडीचा हिशेब पिढीगणिकच होतो. त्या हिशेबात अफाट संख्येने असणारा य:कश्चित जीवाणू मानवाहून कितीतरी चोख ठरतो.

गुंतागुंत म्हणजे प्रगती, हा समजही या संशोधनापुढे टिकत नाही. पेशीतील काही कप्पे आम्लधर्मी ठेवणारे एक सूक्ष्म यंत्र असते. त्यातील कडे बहुतेक जीवांत दोन प्रकारच्या प्रथिनांचे, तर बुरशीवर्गात तीन प्रकारच्या प्रथिनांचे असते. जोसेफ थॉर्नटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांची प्राचीन रूपे अनुमानाने पुन्हा घडविली आणि यीस्टच्या पेशीत घालून पाहिली. त्यांचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या काळी एका जनुकाच्या दोन प्रती झाल्या. पुढे एक प्रत एका बाजूची जोडणी विसरली, दुसरी प्रत दुसऱ्या बाजूची. कचेरीत आवक आणि जावक दोन्ही पाहणाऱ्या कारकुनाच्या जागी दोघे नेमावेत, कालांतराने एकाने आवक विसरावी व दुसऱ्याने जावक, आणि मग दोघांवाचून कचेरी अडावी, तसाच हा प्रकार. काम तेवढेच राहिले; अपरिहार्य माणसे मात्र वाढली.

याचा अर्थ निवड निष्प्रभ आहे, असा कोणी घेऊ नये. रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये ई. कोलायच्या बारा समूहांवर सुरू केलेल्या दीर्घ प्रयोगात बाराही समूह आपल्या खाद्यावर पूर्वीपेक्षा वेगाने वाढू लागले. हे निवडीचेच काम. मात्र प्राणवायूच्या सान्निध्यात सायट्रेटवर जगण्याची किमया बारांपैकी एकाच समूहाला, तीही तीस हजारांहून अधिक पिढ्यांनंतर, साधली. निवड आणि योगायोग दोन्ही खरे आहेत. कोणाचा वाटा किती, हे प्रत्येक ठिकाणी तपासूनच ठरवावे लागते.

समाजाचे नियम पेशीवरून काढता येत नाहीत, आणि यशामागे केवळ नशीब असते असेही या संशोधनाने सिद्ध होत नाही. परंतु ज्यांनी निसर्गाचा दाखला देऊन ‘बळी तो कान पिळी’ या न्यायाला शास्त्राचा मुलामा दिला, त्यांच्या हातून तो दाखला आता निसटला आहे. शाळा-महाविद्यालयांतून प्रत्येक अवयवाविषयी ‘हा कशासाठी?’ असा प्रश्न विचारण्याची सवय लावली जाते. त्याआधी ‘हा आला कसा?’ असे विचारले पाहिजे. उपयुक्तता ही गृहीत धरण्याची बाब नव्हे, सिद्ध करण्याची आहे; आणि ती सिद्ध करण्याचा भार तिचा दावा करणाऱ्यावरच आहे. हे जीवाणूच्या प्रथिनाला लागू असेल, तर जे टिकून आहे तेच योग्य असे सांगणाऱ्या माणसांनाही त्यातून सूट मिळण्याचे कारण नाही.