डॉक्टरांची झोप

बँकेत रोखपालाला सलग दोन दिवस खिडकीवर बसवावे, असे कुणाच्या मनातही आले नसते. थकलेल्या बोटांची मोजणी चुकते, हे शिपायालाही ठाऊक होते. मग छत्तीस तास जागा असलेला निवासी डॉक्टर रुग्णाला इंजेक्शन देतो, त्याचे काय?

केंद्र सरकारने १९९२ साली निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला साधारण ४८ तासांची मर्यादा सांगितली होती. ती कागदावरच राहिली. २०२४ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली, ती ७४ तासांच्या मर्यादेची. बत्तीस वर्षांत अपेक्षाच २६ तासांनी खाली आली! त्याच कृतिदलाच्या पाहणीत उत्तरे देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले.

प्रवेश मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले. आता फोनवर विचारतो, ‘अभ्यास कसा चाललाय?’ आज एवढेच विचारा, ‘काल किती झोपलास?’ तो गप्प राहिला, तर उपदेश नको. ‘घरी ये, बाकीचं नंतर बघू,’ म्हणा. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा विनाशुल्क क्रमांकही त्याला देऊन ठेवा. वर्ष वाया गेले तर भरून काढता येते. मूल गेले तर कुठल्या खात्यातून भरणार?