रांगेत उभी राहिलेली नदी

कोलोरॅडोत नदीच्या पाण्यावर हक्क सांगायचा, तर ते पाणी आधी नदीतून बाहेर काढावं लागे. पाट खणायचा, तोंडाशी फाटक बसवायचं आणि पाणी शेताला, खाणीला किंवा गावाला न्यायचं. हे काम ज्या दिवशी हाती घेतलं, ती त्या हक्काची तारीख. पुढे कधी पाणी कमी पडलं, की जुन्या तारखेच्या हक्कदाराला त्याचं पाणी पुरतं मिळणार. उरलं तर त्याच्या मागच्याला. सगळ्यांनी थोडी थोडी झळ सोसून वाटून घ्यावं, अशी सोय या पद्धतीत नाही. रांगेत जो शेवटचा, त्याचं फाटक सर्वांत आधी बंद होतं.

या रांगेच्या अगदी पुढे उभे आहेत सान लुइस गावातले शेतकरी. त्यांचा पाट १८५२ चा आहे. १८५९ नंतर सोन्याच्या ओढीने माणसांची रीघ लागली. सोनं सापडे ती जागा ओढ्यापासून लांब, आणि माती धुवायला पाणी तर हवंच. नदीकाठी जमीन असणाऱ्याचाच पाण्यावर हक्क, हा इंग्लंडकडून आलेला नियम इथे चालण्यासारखा नव्हता. १८७६ च्या राज्यघटनेने नैसर्गिक प्रवाहांचं पाणी जनतेच्या मालकीचं ठरवलं, आणि ते वळवून उपयोगात आणण्याचा हक्क कधीही नाकारला जाणार नाही अशी ग्वाही दिली. तीन वर्षांनी, १८७९ च्या टंचाईत, सेंट व्रेन नदीकाठच्या शेतकऱ्यांनी लेफ्ट हँड डिच कंपनीचा बांध फोडला. आमच्या दारातलं पाणी दुसऱ्या खोऱ्यात का नेता, हा त्यांचा सवाल होता. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८८२ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिला: काठावर कोण राहतं हे महत्त्वाचं नाही, आधी कोणी वापरलं हे महत्त्वाचं.

या व्यवस्थेतून शेती उभी राहिली, शहरं वाढली, हे मान्यच करायला हवं. पण नदी स्वतः या रांगेत कुठेच नव्हती. तिच्यात राहिलेलं पाणी म्हणजे अजून कोणी न उचललेलं पाणी, एवढीच त्याची कायद्यातली किंमत. ऑगस्टमध्ये एखादा ओढा पाटाच्या तोंडाशी येऊन संपला, त्याखाली नुसते गोटे उरले, तरी कायद्याच्या दृष्टीने सगळं यथास्थित असे. १९६५ मध्ये राज्याच्या पश्चिम भागातल्या कोलोरॅडो रिव्हर डिस्ट्रिक्ट या संस्थेने माशांसाठी नदीतच पाणी राहू देण्याचा हक्क मागून पाहिला. पाणी वळवल्याशिवाय हक्क नाही, असं सांगून न्यायालयाने तो फेटाळला.

१९७३ मध्ये विधिमंडळाने सिनेट बिल ९७ मंजूर केलं. हक्कासाठी पाणी वळवलंच पाहिजे ही अट कायद्यातून गेली. नदीच्या ठरावीक पट्ट्यात ठरावीक प्रवाह राखण्याचे आणि नैसर्गिक तलावांची पातळी राखण्याचे हक्क घेण्याचा अधिकार कोलोरॅडो वॉटर कन्झर्व्हेशन बोर्ड या १९३७ पासूनच्या सरकारी मंडळाला मिळाला, आणि तो फक्त त्यालाच. कुणी व्यक्ती, संस्था किंवा नगरपालिका असा हक्क स्वतःच्या नावावर ठेवू शकत नाही. पाणी अडवून ठेवण्यासाठी कुणीही उठून नदीच्या नावाचा आडोसा घेऊ नये, ही शेतकऱ्यांची धास्ती त्यामागे होती आणि ती खोटी म्हणता येत नाही. या कायद्यालाही आव्हान मिळालं. क्रिस्टल नदीच्या खटल्यात मंडळाविरुद्ध उभा होता तोच रिव्हर डिस्ट्रिक्ट, ज्याने १९६५ मध्ये असाच हक्क मागितला होता. १९७९ मध्ये न्यायालयाने कायदा उचलून धरला.

एखाद्या ओढ्याला किती पाणी लागतं हे ठरतं ओढ्यात उतरून. राज्याच्या वन्यजीव विभागाची किंवा केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याची माणसं गमबूट चढवून जातात आणि खळाळ शोधतात, म्हणजे पाणी जिथे उथळ होऊन दगडांवरून खळखळत जातं ती जागा. पाणी उतरू लागलं की आधी हीच जागा उघडी पडते. माशांचं खाणं असलेल्या किड्यांच्या अळ्या याच दगडांखाली वाढतात, आणि मासे एका डोहातून दुसऱ्यात जातात तेही इथूनच. खळाळ ओला राहिला तर डोहांची चिंता नको, असं साधं गणित. काठापासून काठापर्यंत फीत ताणायची, थोड्या थोड्या अंतरावर खोली आणि वेग मोजायचा, पाण्याचा उतार बघायचा. पाण्यात हलका विजेचा प्रवाह सोडून मासे क्षणभर सुन्न करायचे, मोजून-मापून परत सोडायचे. या मोजमापांवरून तीन गोष्टी तपासतात. पाण्याची सरासरी खोली पुरेशी आहे का. अरुंद ओढ्यांना ०.२ फूट, म्हणजे सहा सेंटीमीटर, चालतात. वेग सेकंदाला एक फूट आहे का. आणि पात्राचा निदान अर्धा घेर भिजलेला आहे का. उन्हाळ्याच्या प्रवाहाला तिन्ही कसोट्यांना उतरावं लागतं, हिवाळ्यात दोन पुरतात. उत्तर येतं ते क्युसेकमध्ये. धरणांच्या विसर्गाच्या बातम्यांतून आपल्याला ओळखीचं असलेलं हेच माप: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर.

आकडा निघाला म्हणून हक्क मिळत नाही. जपण्याजोगं नैसर्गिक जीवन तिथे आहे, तेवढं पाणी खरोखर उपलब्ध आहे, आणि कुणाच्या आधीच्या हक्काला धक्का लागत नाही, या तिन्ही गोष्टी मंडळाला पटाव्या लागतात. दर वर्षी जानेवारीच्या बैठकीत नव्या शिफारशी समोर येतात, हरकती ऐकल्या जातात, मग पाणी न्यायालयात अर्ज जातो. राज्याच्या सात जलविभागांसाठी अशी सात न्यायालयं आहेत. या वाटेने आजवर सुमारे १,७०० पट्टे नोंदले गेले. एकूण लांबी ९,७०० मैलांच्या वर. नैसर्गिक तलाव ४८०. तलाव बहुतेक उंच डोंगरात आहेत आणि त्यांच्या वरच्या अंगाला पाणी उचलणारं फारसं कुणी नाही, त्यामुळे तंटा असतो तो नद्यांचाच.

आणि तंटा तारखेचा असतो. १९७३ नंतर रांगेत आलेल्या नदीच्या पुढे शंभर-सव्वाशे वर्षांची माणसं उभी आहेत. क्रिस्टल नदीवरच मंडळाचा हक्क १९७५ चा; कोरड्या वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस कार्बनडेल गावाजवळ तिचं पाणी हक्काच्या आकड्याखाली जातं, आणि वरचे जुने पाट कायद्यानेच वाहत राहतात. मग अशा उशिराच्या हक्काचा उपयोग काय? माझ्या मते या कार्यक्रमाचं खरं बळ इथेच आहे, आणि ते सहसा दिसत नाही. नवा माणूस नदीनंतर रांगेत येतो, म्हणून त्याचं फाटक नदीसाठी बंद करता येतं. जुन्या हक्कदारालाही हवं ते करता येत नाही. समजा त्याला आपला पाट पाच मैल वर सरकवायचा आहे, किंवा शेतीचं पाणी शहराला विकायचं आहे. बदल करताना मागच्यांच्या वेळी नदीची जी स्थिती होती ती बिघडवायची नाही, हा जुना नियम आहे, आणि आता त्या मागच्यांत नदीही आहे. पाणी न्यायालयं दर महिन्याला नव्या अर्जांची यादी प्रसिद्ध करतात. मंडळाचे कर्मचारी ती वाचतात, नदीला धोका दिसला की हरकत नोंदवतात, आणि बहुतेक वेळा वाटाघाटीतून अटी घालून घेतात. अशा कागदपत्रांच्या कामाला कुणी टाळ्या वाजवत नाही. पण ओढे त्यावर वाहतात.

जुनी तारीख हवी तर जुना हक्कच मिळवावा लागतो: दानाने, खरेदीने किंवा उसनवारीने. बोल्डर शहराने आपले काही हक्क बोल्डर क्रीकसाठी मंडळाला दिले. २००३ मध्ये कायद्याने तात्पुरतं उसनं पाणी घेण्याची वाट मोकळी केली, पण ती पहिल्यांदा चालली ती २०१२ च्या दुष्काळात. कोलोरॅडो वॉटर ट्रस्ट या संस्थेने स्टेजकोच जलाशयातलं ४,००० एकर-फूट पाणी (एक एकरावर फूटभर उभं राहील, तेवढं एक एकर-फूट) भाड्याने घेतलं, आणि स्टीमबोट स्प्रिंग्ज गावातून जाणारी यांपा नदी आटायच्या बेतात असताना तिच्यात सोडलं.

एक उणीव मात्र मला बोचते. मोजलेला आकडा जगण्यापुरता असतो. बर्फ वितळून मे-जूनमध्ये येणारा लोंढा पात्रातला गाळ धुऊन काढतो, आणि तो ओसरल्यावर ओल्या रेतीवर कॉटनवुडची रोपं रुजतात. खळाळातल्या फितीत हा लोंढा मावत नाही. काठावरची म्हातारी झाडं पडल्यावर त्यांच्या जागी काय उगवणार, याचं उत्तर सहा सेंटीमीटर पाण्यात मिळणार नाही.

सध्या सगळ्यांचं लक्ष आहे ग्लेनवूडच्या घळीतल्या शोशोन वीजकेंद्राकडे. केंद्र छोटं आहे, पण त्याचा कोलोरॅडो नदीवरचा हक्क १९०२ चा आणि १,२५० क्युसेकचा. त्याला १९२९ च्या १५८ क्युसेकची जोड आहे. पाणी जनित्रांतून जाऊन पुन्हा नदीत पडतं, एक थेंबही खर्च होत नाही. त्यामुळे केंद्राने आपलं पाणी मागितलं, की वरच्या बाजूला डोंगरापलीकडच्या शहरांकडे बोगद्यांतून जाणाऱ्या नंतरच्या तारखांच्या पाण्याला लगाम बसतो, आणि खालची गावं, शेतं, मासे सगळ्यांना त्याचा लाभ होतो. केंद्र कधीतरी बंद पडेल आणि ही मागणीच थांबेल, ही पश्चिमेकडची भीती. डिसेंबर २०२३ मध्ये हा हक्क सुमारे ९.९ कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार झाला. खरेदीदार तोच रिव्हर डिस्ट्रिक्ट, जो १९६५ मध्ये हरला आणि १९७९ मध्ये मंडळाविरुद्धही हरला. आता त्यानेच मंडळाला सांगितलं, की हा हक्क नदीसाठी वापरा: केंद्राच्या बंधाऱ्यापासून वीजकेंद्रापर्यंतच्या २.४ मैलांच्या पट्ट्यात, जिथे केंद्र पाणी ओढत असताना पात्र जवळजवळ रिकामं पडतं.

डेन्व्हर, ऑरोरा यांसारख्या पूर्वेकडच्या पाणीपुरवठा संस्थांनी हक्काच्या प्रमाणावर शंका घेतली: केंद्राने प्रत्यक्षात पाणी वापरलं किती? आणि टंचाईत मागणी करायची की ढील द्यायची, हे कोण ठरवणार? मंडळ सगळ्या राज्याचं, तर रिव्हर डिस्ट्रिक्ट एका बाजूचा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मंडळाने एकमताने हा हक्क स्वीकारायला मंजुरी दिली. त्यापुढचा टप्पा पाणी न्यायालयाचा. गेल्या शतकातला वापर वर्षावर्षाने तपासून तिथे आकडा ठरायचा आहे. तो ठरला, की वीजकेंद्र चालो वा बंद पडो, ग्लेनवूडच्या घळीत नदीची तारीख १९०२ असेल.