गोठ्यातील जंतू आणि बाजारातील मौन

नांदेड जिल्ह्यात माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तेथील जनावरांच्या बाजारात गिऱ्हाईक लाल कंधारी गाईचे दात, खूर, कास सारे पारखून घेते. परंतु तिने मागील खेपेस गाभ का टाकला, हे त्या पारखीत उमगत नाही आणि विकणारा ते आपणहून सांगत नाही.

गाभ टाकण्याची कारणे अनेक. त्यांत ब्रुसेला हा जंतू विशेष घातक होय. वारेतून व स्रावातून तो शेजारच्या गाईंना ग्रासतो, तर वार हाताळणाऱ्यास वा कच्चे दूध पिणाऱ्यास उलटसुलट येणारा ताप आणि सांधेदुखी देतो. गाय मात्र धडधाकट दिसते. छडा लागतो तो प्रयोगशाळेतच. रोझ बेंगाल चाचणीत रक्तजलाचा थेंब गुलाबी द्रावणात मिसळतात; काही मिनिटांत कण गोळा झाले की संशय बळावतो. जंतू वाढवून त्याची जात ठरविली म्हणजे निदान पक्के होते.

माल्टा बेटावर मृत सैनिकांच्या प्लीहेत हा जंतू डेव्हिड ब्रूस यांना १८८७ मध्ये सापडला. परंतु तो येतो कोठून, हे कळावयास १९०५ साल उजाडले. त्या वर्षी थेमिस्टोक्लिस झॅमिट यांनी निरोगी दिसणाऱ्या शेळ्यांत तो दाखवून दिला. १९०६ मध्ये सैनिकांचे शेळीचे दूध बंद होताच ताप झपाट्याने ओसरला.

आपल्याकडे अडचण आहे ती अर्थशास्त्राची. तपासणीचा त्रास एकट्या मालकाचा, लाभ मात्र साऱ्या पंचक्रोशीचा. गाय बाधित ठरली तर किंमत बुडते. जनावरांत या रोगावर खात्रीचा उपचार नाही व राज्यात गोवधास बंदी आहे. न तपासता विकली तर तोटा दुसऱ्याच्या गोठ्यात जातो. जेथे खरे बोलणाऱ्यासच दंड होतो, तेथे सचोटीचा उपदेश काय कामाचा?

केंद्राच्या २०१९ च्या कार्यक्रमानुसार चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना व पारड्यांना लस दिली जाते, हे योग्यच. परंतु आधीच बाधित झालेल्या गाईस लस बरी करीत नाही. शेजारच्या लातूर जिल्ह्यात, देवणी गोवंशाच्या मुलखात, उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. अशा संस्थांच्या साहाय्याने शासनाने बाजारातच विनामूल्य तपासणी करावी, बाधित गाय वेगळी ठेवण्याची सोय करावी आणि मालकास भरपाई द्यावी. तसे झाले तरच शेतकरी गाभ टाकलेल्या गाईचे रक्त तपासावयास आपणहून देईल.