घरातली वाटभेट

निन्टेन्डोच्या २०११ मधील थ्रीडीएस या हातातल्या खेळयंत्राची मौज अशी, की ते खिशात बाळगणारे दोघे जवळून गेले की एकमेकांच्या खेळातील बाहुल्या आपोआप पोहोचत. टोकियोच्या गर्दीत हे सहज घडे. रेडीच्या यशवंतगडाखाली दुसरे यंत्र कोठून येणार? म्हणून हौशी मंडळींनी घरच्या राउटरलाच दुकानातील वायफाय केंद्राचे सोंग घ्यायला लावले. त्याचे नाव होमपास. भेटी थांबल्या की प्रथम राउटर २.४ गिगाहर्ट्झवर आहे का ते पाहावे. ५ गिगाहर्ट्झ या यंत्राला दिसतच नाही. तरीही काही न आल्यास राउटर निर्दोष समजावा; बाहुल्या पोहोचवणारी कंपनीची मध्यस्थ सेवाच २०१८ मध्ये बंद झाली. सोंगासाठी बिनपासवर्डचे ठेवलेले वायफाय मात्र उघडेच राहते, आणि घरचे बँक-व्यवहारही बहुधा त्यावरच चालतात. ते आधी बंद करावे.