ऊस तुटला, गाडी भरली. पुढे कुठे थांबली?



ऊस उभा करायला बारा ते अठरा महिने जातात. बेणे, खत, पाणी, भरणी या प्रत्येक गोष्टीकडे आपण जातीने लक्ष देतो. पण मोळ्या ट्रेलरमध्ये चढल्या की 'गेला एकदाचा कारखान्याला' म्हणून मोकळे होतो. खरे पाहता फड ते गव्हाण हा शेवटचा प्रवास जितका लांबतो, तितकी वर्षाची कमाई झिजत जाते. हा प्रवास आता यंत्राने घटकाघटकाला पाहता येतो. ते कसे व त्यात सभासदाच्या पदरात काय पडते, हे थोडक्यात सांगतो.

शिळ्या उसाचा हिशोब

ऊस तुटला तरी त्याच्या आतली क्रिया थांबत नाही. इन्व्हर्टेज नावाचे विकर साखरेचे ग्लुकोज व फ्रुक्टोज करू लागते. त्याची दाणेदार साखर होत नाही, ती मळीत जाते. कापलेल्या तोंडातून ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू शिरतात आणि डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतात. त्याने रस गाळणे व दाणा धरणे अवघड होते. शिवाय पाणी उडून वजन घटते ते वेगळेच. जळका ऊस आणि यंत्राने तुकडे करून तोडलेला ऊस तर लवकर बिघडतो. म्हणूनच तोडल्यापासून २४ तासांच्या आत गाळप व्हावे, असे आम्ही सांगत असतो.

वजन घटले तर ज्याचा ऊस त्याचे नुकसान. उतारा घटला तर साऱ्या गावांचे. ०.१ टक्का उतारा म्हणजे टनामागे १ किलो साखर. गाळप ५ लाख टन धरले तर ती ५,००० क्विंटल होते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये दर ठरवला व त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये वाढ दिली. म्हणजे टनामागे ३४ रुपये ६० पैसे. हे पैसे रस्त्यात सांडू द्यायचे का, एवढाच प्रश्न आहे.

इतर मालाचे लोक काय करतात

नाशिकची द्राक्षे परदेशी जातात ती थंड कंटेनरमधून. अशा कंटेनरमध्ये तापमान व हवेची आर्द्रता मोजणारे सेन्सर असतात. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीने २०१७ पासून ही माहिती माल पाठवणाऱ्याला घरबसल्या पाहण्याची सोय केली. आपल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात २०१६ साली कंटेनरला रेडिओ टॅग लावून तो कुठवर पोहोचला याची नोंद ठेवणे सुरू झाले. टोलनाक्यावरचा फास्टॅग हाही त्याच जातीचा. २०२१ च्या फेब्रुवारीपासून तो सक्तीचा झाला, त्यामुळे तो तर आपल्या परिचयाचाच आहे.

उसाच्या गाडीला लागते काय?

पहिले यंत्र जीपीएसचे. सुमारे २० हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांचे संदेश ते पकडते. निदान चार उपग्रह मिळाले की काही मीटरच्या फरकाने जागा कळते. आत मोबाईलसारखे सिमकार्ड असते, त्यातून ही जागा गट ऑफिसच्या संगणकाला जाते. ओढ्याकाठी रेंज गेली तरी चांगले यंत्र नोंद साठवून ठेवते व रेंज आल्यावर पाठवते.

दुसरा टॅग. ट्रॅक्टर एक आणि ट्रेलर बदलते, म्हणून टॅग ट्रेलरला हवा. त्याला बॅटरी लागत नाही. गेटवरच्या यंत्राच्या लहरींनीच तो जागा होतो. मात्र लोखंडावर साधा टॅग नीट वाचला जात नाही. लोखंडावर चालणारा खास टॅग घ्यावा लागतो व चिखल पुसावा लागतो.

तिसरा सेन्सर आपल्या वजनकाट्यातच आहे. काट्याखालच्या लोडसेलमधील पोलाद भाराने किंचित दबते, विजेचा रोध बदलतो व आकडा उमटतो. हा आकडा, टॅगचा नंबर आणि वेळ हाताने न लिहिता एकदम नोंदले गेले, तर चिठ्ठीत खाडाखोडीला जागा उरत नाही. काट्याची दरवर्षी होणारी वैधमापन खात्याची पडताळणी मात्र हवीच. तिला पर्याय नाही.

सभासदाला काय मिळेल?

केनयार्डात किती गाड्या उभ्या, वाटेत किती आणि फडात किती, हे एका नजरेत दिसले तर मिल बंद पडताच टोळीला 'कोयता थांबवा' असा निरोप जातो. उभा ऊस एक दिवस थांबलेला परवडतो, तुटलेला परवडत नाही. नंबर मागेपुढे झाल्याची बोंब नोंद पाहून मिटवता येते. अंतराचेही तसेच. वाहतुकीचा खर्च अखेर आपल्याच ऊसदरातून वजा होतो; वाढवून लावलेला किलोमीटर सर्वांच्या माथी बसतो. तसेच भरलेली गाडी आडवाटेला तीन-तीन तास का थांबली, हे विचारता येते.

यंत्राला काय कळत नाही?

यंत्र गाडी पाहते, ऊस पाहत नाही. ऊस काल सकाळी तुटला की आज, हे त्याला ठाऊक नसते. ती वेळ स्लिप बॉयने फडातच नोंदवली पाहिजे, नाहीतर दोन दिवसांचा शिळा ऊस 'ताजी गाडी' म्हणून येईल. बैलगाडीचा तळ मांडलेल्यांना व मुकादमाच्या मागण्यांनाही यंत्र आवर घालू शकत नाही. तिथे माणूसच लागतो. आणखी एक. ड्रायव्हर मंडळी रात्र-रात्र थंडीत नंबरला बसतात. गाडी थांबली की दंड, असा या नोंदीचा वापर झाला तर पहिल्याच आठवड्यात यंत्राची वायर तुटेल. थांबण्याचे कारण आधी विचारावे आणि यार्डातील खोळंबा आपला असेल तर तो आपण कबूल करावा.

पुढील हंगामाचे वाहतूक करार करतानाच ही अट घालावी, यंत्राचा खर्च कोणी सोसायचा ते स्पष्ट लिहावे आणि सभासदाला स्वतःच्या गाडीची नोंद गट ऑफिसात पाहण्याचा हक्क असावा, असे माझे मत आहे. नोंद फक्त कचेरीत राहिली तर तिचा निम्मा उपयोग वाया गेला.

तोवर प्रत्येकाने एवढे करावे. तोडणी सुरू झाल्याची व गाडी भरून निघाल्याची वेळ वहीत लिहावी. वजनाची पावती आली की त्यावरची वेळ ताडून पाहावी. फरक २४ तासांपेक्षा जास्त दिसला तर गटाच्या शेतकी मदतनीसाला विचारावे. ही वही म्हणजे बिनखर्चाचा सेन्सरच आहे, आणि यंत्र आल्यावरही ते खरे बोलते की नाही, हे तीच सांगेल.

— ऊस विकास अधिकारी